दुरुस्ती, पान दोन

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन.
हॅलो नाही, नमस्कार नाही.
"पान एक, वरचा फोटो. तो रणगाडा नाही."

पोल्टावाच्या कचेरीत रात्रपाळी उतरणीला लागलेली,
केटलीच्या तळाशी चुन्याचा थर,
आणि हाव्रिलो स्तेत्सिक,
निवृत्त वेल्डर, खार्किवचा ट्रॅक्टर कारखाना,
आमच्या कालच्या शहाणपणावर
नुसत्या आवाजानं लाल रेघ ओढतात.

"चाकं मोज, बाई. सात. नळी आखूड.
ती ग्वोज्दिका, स्वयंचलित तोफ.
ग्वोज्दिका म्हणजे फूल. म्हणजे लवंगसुद्धा.
तोफेचं बारसं करताना कुणीतरी डोकं खाजवलं असेल,
तुम्हाला नुसतं वाचायचाही कंटाळा."

आमचा मार्त्यान चोविशीचा.
युद्धाआधी बीट आणि दुधाचे भाव लिहायचा.
पट्ट्यांवर चालतं, हिरवं आहे, म्हणजे रणगाडा.
सब घोडे बारा टक्के.
आणि मी त्याला काय बोलू?
रणगाडा चार अक्षरांत मथळ्यात बसतो,
खरं नाव दोन ओळी खातं.

तरी शिकले हळूहळू.
चाकं मोजायला, धुराड्याची बाजू बघायला.
एकदा म्हणाले,
"आपल्याकडच्या रणगाड्याला मागं दार नसतं.
दार दिसलं की थांबायचं."
का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही,
पानं सोडायची घाई होती.

ऑक्टोबरात एक फोटो आला.
कापणी राहून गेलेलं सूर्यफुलांचं शेत,
काळी पडलेली, खाली मान घातलेली फुलं,
आणि मधोमध तेवढंच काळं काहीतरी.
मार्त्याननं ओळ दिली: शेतात रणगाडा जळाला.
मी स्वल्पविराम तपासले.

सहा दहा झाले. साडेसहा. सात.
दिवसपाळीच्या ओदार्कानं कोट काढून खुंटीला लावला,
मी माझा घालून तशीच बसले.

आठला वाजला.
"नमस्कार," म्हणाले.
आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"चाकं सहा. मागं दोन दारं. दोन्ही बंद.
आमच्याच कारखान्यातलं आहे.
डाव्या बिजागरीचं वेल्डिंग माझं असेल, नसेलही,
तेव्हा दिवसाला किती निघायची कोण मोजत होतं.
तुम्ही रणगाडा लिहिलंत.
रणगाड्यात तीन माणसं.
वाचणारा तिघांपुरतं हळहळतो आणि पान उलटतो.
ह्याच्यात पुढं दोन,
मागं अकरा."

कुणाची माणसं होती, मी विचारलं.
"ते विचारायचं काम तुमचं.
मी फक्त जागा सांगितल्या."

मार्त्याननं तीन तास फोन लावले.
एका ठिकाणी घंटा वाजत राहिली,
एका ठिकाणी कुणीतरी उचलून ठेवून दिला.
संपादक म्हणाले, एका ओळीत उरका, जाहिरात आहे.
मी चार ओळी घेतल्या. जाहिरात खाली सरकली.

कालच्या अंकात पहिल्या पानावरील छायाचित्रात
रणगाडा असा उल्लेख झाला, तो चुकीचा आहे.
ते सैनिक वाहून नेणारं वाहन असून त्याला मागं दोन दारं असतात.
आत किती जण होते, ते अद्याप समजलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी, सहा दहा.
"पान दोन. सैनिक वाहून नेणारं नाही.
मुळात तो तोफ ओढायचा ट्रॅक्टर.
पत्रा एवढासा, गोळी अडली तर अडली.
माणसं बसतात,
कारण दुसरं काही मिळत नाही म्हणून."

मग थोडा वेळ नुसतीच खरखर,
कुठंतरी बशीवर चमचा.

"दारांचं बरोबर लिहिलंत," म्हणाले,
आणि ठेवला.